सुंठ मिसळणाच्या डब्यात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सुंठीचं नाव निघालं की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो खोकला. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण इतकी तोंडात बसली आहे की सुंठ म्हणजे औषध, हे आपण कधी तपासूनच पाहत नाही. माझ्या घरी कित्येक वर्षं सुंठपुडीची बाटली स्वयंपाकघरात नव्हतीच. ती असायची बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, बाम, थर्मामीटर आणि पोटदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी. आमरसाच्या दिवसांत आणि पुरण घातलं की ती आत यायची, चिमूटभर खर्ची पडायची आणि परत आपल्या जागी जायची. बाटली संपायला दोन-दोन वर्षं लागत. दोन वर्षं जुन्या सुंठीला लाकडाच्या भुशाइतकीच चव असते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी आपली श्रद्धेनं घालत होते.

ती बाटली आत येऊन कायमची कशी राहिली, ते आज सांगायचं आहे. त्यासाठी थोडं घरातलं बोलावं लागेल.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या घरातले सगळेच आजारी पडलो. सासूबाई तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. देवाच्या दयेनं त्या घरीच बऱ्या झाल्या. ताप गेला, खोकला गेला, पण जाताना त्यांचा वास घेऊन गेला. आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या बाई पुरण शिजलं की नाही ते हॉलमध्ये बसून वासावरून सांगायच्या. गोडा मसाला भाजताना धणे कधी उतरवायचे, हे मी त्यांच्याकडून शिकले. म्हणजे शिकले असं आपलं म्हणायचं. त्या ‘आता काढ’ म्हणायच्या आणि मी काढायची. तर अशा बाईंना वरण, भाजी, चहा, सगळंच एकसारखं लागू लागलं. ‘मातीसारखं’ हा त्यांचा शब्द.

पुढे तीनेक महिन्यांनी वेगळंच सुरू झालं. वास थोडाथोडा परत येऊ लागला, पण भलत्याच रूपात. कांदा परतला की त्यांना काहीतरी सडल्यासारखं वाटे. लसणीच्या फोडणीनं मळमळे. कॉफीचा वास तर त्यांना सहनच होईना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की असं पुष्कळांना होतं, नाकातल्या मज्जापेशी पुन्हा वाढताना अशी गफलत होते, धीर धरा. त्यांनी एक व्यायामही दिला. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ एकेक करून हुंगायचे. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत. सासूबाई निष्ठेनं चार बाटल्या घेऊन बसत, जपाला बसावं तशा. पण जेवायला बसल्या की दोन घास खाऊन ताट सारत. चार महिन्यांत त्यांचं सहा किलो वजन उतरलं. आणि त्या स्वयंपाकघरात यायच्या बंद झाल्या. फोडणीची वेळ झाली की स्वतःची खुर्ची उचलून गॅलरीत जाऊन बसायच्या. ते मला जास्त लागायचं.

श्रावणात मला सर्दी झाली. मी कपाटातली बाटली काढून सुंठ, गूळ आणि तूप यांच्या गोळ्या वळल्या. बाळंतिणीला देतात त्या. एक सहज त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, जरा वेळ घोळवली आणि एकदम माझ्याकडे पाहिलं.

‘‘अगं, हे लागतंय.’’

‘‘काय लागतंय, आई?’’

‘‘गरम. इथं, घशाशी. आणि थोडं नाकातसुद्धा.’’

इतक्या महिन्यांत त्यांनी खाण्याबद्दल स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द होता. आणि मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी चांगला चमचाभर सुंठ वरणात घातली. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘मी काय बाळंतीण आहे का?’’ वरण कोणीच खाल्लं नाही. पण तो टोमणा ऐकून मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

मग मी हे असं का, याच्या मागे लागले. आपण ज्याला चव म्हणतो ती तीन वाटांनी येते. जीभ गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच सांगते. बाकीचा सगळा पसारा, म्हणजे वेलदोडा की जायफळ, तूर की मूग, हा नाकाचा. आणि तिसरी वाट आहे ती झोंबण्याची. तिखट ही खरं म्हणजे चव नाहीच. ती उष्णतेची आणि वेदनेची जाणीव आहे, आणि ती चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या वेगळ्या नसेतून मेंदूकडे जाते. नाकाचा रस्ता बंद असला तरी हा रस्ता बऱ्याचदा उघडा असतो. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या मदतीनं या जाणिवेचं दार शोधून काढलं. जे दार खऱ्याखुऱ्या चटक्यानं उघडतं तेच मिरचीनंही उघडतं. सुंठीतली तिखट द्रव्यंही तेच दार ठोठावतात. म्हणून सासूबाई ‘तिखट’ न म्हणता ‘गरम’ म्हणाल्या होत्या. ज्युलियस यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक जाहीर झालं ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. आमच्याकडे सुंठीचे प्रयोग चालले होते त्याच दिवसांत. पेपरातली ती बातमी मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. ‘‘एवढं शोधायला अमेरिकेत कशाला जायला हवं होतं?’’ असं त्यांचं मत पडलं.

तुम्ही म्हणाल, मग मिरचीच का नाही? एक तर त्यांना पित्त. दुसरं म्हणजे मिरची जिभेच्या शेंड्यावर चावते आणि मोकळी होते. सुंठ मागून येते, घशाशी थांबते, हळूहळू पसरते. आणि मिरची खिरीत घालता येत नाही. सुंठीला गोड-तिखट दोन्ही घरं सारखीच.

दुसरा प्रश्न, आलं का नाही? इथे मला माहेरी जायला हवं. माझं माहेर सातारा जिल्ह्यात कोरेगावकडचं, आल्याचा मुलूख. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावण व्हायची. बाजारचं आलं काढून गेलं तरी वडील दोन-चार वरंबे तसेच राखायचे. पाला पार पिवळा पडून वाळेपर्यंत, म्हणजे आठ-नऊ महिने. कोवळ्या आल्याची सुंठ होत नाही, नुसता चुरमडून जातो कंद. जून आलं धुऊन आई ते बांबूच्या कामटीनं खरवडायची. सुरीला हात लावू द्यायची नाही. सालीच्या लगेच खालीच आल्याचं तेल असतं, सुरी खोल गेली की सालीबरोबर तेही जातं. हे तिला कोणत्या पुस्तकातून कळलं नव्हतं. मग गच्चीवर आठ-दहा दिवस ऊन. पाच किलो आल्याची जेमतेम एक किलो सुंठ व्हायची, आणि आम्हां पोरांना वाटायचं कुणीतरी चोरून नेतंय.

पण उन्हात नुसतं पाणी जात नाही. आल्याचा लिंबासारखा ताजा वास बराचसा उडून जातो. ओल्या आल्याचा तिखटपणा ज्यात असतो त्या जिंजरॉल नावाच्या द्रव्यातला काही भाग वाळताना बदलून शोगॉल होतो, आणि शोगॉल जिंजरॉलपेक्षा दुपटीनं तरी जहाल. आल्याला जपानीत ‘शोगा’ म्हणतात, त्यावरून हे नाव. म्हणजे सुंठ हे वाळकं आलं नव्हेच, द्राक्ष आणि मनुका यांच्यात जेवढा फरक तेवढा इथेही. ‘आलं नव्हतं म्हणून सुंठ घातली’ हे म्हणूनच फसतं. कोशिंबिरीत सुंठ घालून पाहा, दाताखाली पूड येईल. उलट आल्याचा रस कोमट दुधात घाला, दूध फाटेल. आल्यात दूध साकळवणारं एक द्रव्य असतं. चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातले लोक त्याचाच फायदा घेऊन आल्याच्या रसानं दुधाची खरवसासारखी वडी लावतात. सुंठ घालून उकळलेलं दूध मात्र माझं आजवर कधी नासलेलं नाही.

कांदा-लसूण घरातून हद्दपार झाल्यावर रोजची भाजी काय करायची, हा माझा खरा पेच होता. त्यातून सोडवलं काश्मिरी पंडितांच्या स्वयंपाकानं. त्यांच्या पारंपरिक रांधपात कांदा-लसूण नाही. सगळी भिस्त सुंठपूड आणि बडीशेपेची पूड या जोडीवर. त्यांचा दम आलू मी आमच्या पद्धतीनं बसवला. अर्धा किलो लहान बटाटे उकडून, सोलून, काडीनं टोचून मोहरीच्या तेलात लालसर तळायचे. कढईत थोडं तेल ठेवून हिंग, काश्मिरी मिरचीची पूड नि पाण्याचा हबका. मग वाटीभर घुसळलेलं दही, मंद आचेवर आणि सतत ढवळत, नाहीतर ते फुटतं. त्यात चहाचा एक चमचा सुंठपूड, दोन चमचे बडीशेपेची पूड, मीठ, वाटीभर पाणी. बटाटे घालून झाकण ठेवून वीसेक मिनिटं. सासूबाईंनी त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या. बडीशेप त्यांना कळली नाही, पण आंबट कळलं, गरम कळलं आणि बटाटा दाताखाली कळला. जेवण एवढ्यावरही उभं राहतं.

यानंतर बाटली कपाटातून निघाली आणि मिसळणाच्या डब्यात हिंगाशेजारी सुंठीची वाटी आली. ताकात सैंधव आणि जिरेपुडीबरोबर सुंठ. लाल भोपळ्याच्या घारग्यांत सुंठ. चिंचगुळाच्या चटणीत तर हवीच. दिल्लीकडे चाटवर घालतात त्या गोड चटणीचं नावच ‘सोंठ’ आहे, आणि आपण मात्र त्यातून सुंठ वगळून खजूर वाढवत बसतो. केरळात ओणमला केळ्याचे जाड काप तळून गुळाच्या पाकात घोळवतात, त्यावर सुंठ आणि जिऱ्याची पूड भुरभुरतात. ते मी केले. तेवढ्यावरून सासूबाईंनी आमच्या गुळपापडीतही सुंठ घालायला लावली. गूळ आणि सुंठ यांचं जमतं ते साखरेचं नि सुंठीचं जमत नाही, हे माझं मत. साखर नुसती गोड असते. गुळाला स्वतःचा खरपूसपणा आहे, सुंठीला टेकायला काहीतरी मिळतं.

एक धडा मात्र मी चुकून शिकले. सुंठ तापलेल्या तुपात थेट टाकू नये. क्षणात करपते आणि कडवट होते. आधी आच मंद करावी, तूप जरा निवू द्यावं, मग सुंठ घालून लगेच गूळ किंवा दूध ओतावं. तुपात ती खुलते हे खरं, कारण तिचा तिखटपणा तेला-तुपात उतरतो. पण खुलणं आणि करपणं यांत चार-पाच सेकंदांचंच अंतर आहे.

आता भट्टीकडे वळते. २०२१ मध्ये लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होतं. चकलीची भाजणी भाजायचा वास सासूबाईंना सोसणार नव्हता, म्हणून फराळाला मी कात्री लावली होती आणि घर जरा उदासच होतं. माझी मुलगी इंग्लंडात लीड्सला असते. तिचा फोन आला. तिकडे यॉर्कशरमध्ये ५ नोव्हेंबरला रात्री शेकोट्या पेटवतात, आतषबाजी करतात, आणि त्या दिवसांत पार्किन नावाचा केक खातात. ओटचं पीठ, साखर करताना उरणारा काळा चिकट पाक, आणि भरपूर सुंठ. ‘‘आजी, तो पाक म्हणजे आपली काकवीच समज,’’ ती आजीला सांगत होती. सासूबाई म्हणाल्या, ‘‘काकवीचा केक? बघू तरी.’’ काकवी कोल्हापूरची, घरात होतीच.

प्रमाण सांगते, लिहून घ्या. एक वाटी ओट मिक्सरमधून जाडसर काढायचे. एक वाटी कणीक, चहाचे दोन चमचे ताजी सुंठपूड, अर्धा चमचा दालचिनीची पूड, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, हे एकत्र चाळायचं. पाऊण वाटी काकवी, पाव वाटी चिरलेला गूळ आणि अर्धी वाटी लोणी मंद आचेवर नुसतं वितळवायचं, उकळायचं नाही. निवलं की त्यात अर्धी वाटी दूध नि दोन मोठे चमचे दही, आणि हे सगळं पिठात. फार फेटू नका. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा थोडं घट्ट दिसेल, घाबरू नका. तूप लावलेल्या भांड्यात ओतून ओव्हनमध्ये १६० अंशांवर पन्नास मिनिटं ते तास. ओव्हन नसेल त्यांनी जाड कढईत मिठाचा थर तापवून, वर जाळी ठेवून, झाकण घालून करावं. वेळ जास्त लागतो, पण होतो.

मी केला, कापला, आणि सुरी अडकली. सासूबाईंनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ‘‘हा केक आहे की पाट?’’ मी रडकुंडीला आले. रात्री मुलीला फोन लावला तर ती हसायला लागली. पार्किन ज्या दिवशी करतात त्या दिवशी खायचाच नसतो म्हणे. गुंडाळून डब्यात तीन दिवस ठेवायचा, म्हणजे काकवीतला ओलावा हळूहळू ओटमध्ये मुरतो. हे आधी सांगायला नको का? तिसऱ्या दिवशी तोच पाट इतका मऊ झाला होता की बोटानं तुटावा. आणि सुंठ! पहिल्या दिवशी ती वेगवेगळी टोचत होती, आता सगळ्यात भिनली होती. सासूबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा पदराआड नेला. वजन त्या महिन्यापासून पुन्हा चढायला लागलं.

सुंठ घेताना दोन गोष्टी पाहा. पांढरीशुभ्र सुंठ दिसायला छान, पण ती बहुधा चुन्याच्या पाण्यातून काढलेली असते. मी मातकट रंगाची, न धुतलेली घेते. तुकडा मोडला तर कटकन मोडावा, आणि त्यावर टाचणीएवढी भोकं नसावीत, भोकं म्हणजे कीड. तयार पूड आणण्यापेक्षा तुकडे बत्त्यानं ठेचून, उन्हात तापवून मिक्सरमधून काढा आणि बारीक चाळणीनं चाळा. वर राहतात ते तंतू चहाला. महिन्याभराचीच पूड करा. आणि नव्या सुंठीचा नेम जुन्या हातानं साधत नाही. मी दर खेपेला पहिल्या दिवशी निम्मीच घालते.

सुंठीनं सासूबाईंचा वास परत आला, असं मी मुळीच म्हणत नाही. कदाचित तो सुंठीवाचूनही आला असता. चार बाटल्यांचा व्यायाम त्यांनी वर्षभर सोडला नाही, डॉक्टरही म्हणाले होते की वेळ लागेल. आजही त्यांना मोगऱ्याचा वास येत नाही. कॉफी अजून नकोच म्हणतात. पण वास परत येईतो त्या जेवत राहिल्या, एवढं सुंठीनं केलं.

१० एप्रिल २०२२ ला रामनवमी होती. दुपारी बाराचा जन्म, त्याआधी सुंठवडा व्हायला हवा. मी घाईत होते. सुकं खोबरं किसून कढईत भाजायला टाकलं, खसखस निवडायला घेतली, तेवढ्यात फोन वाजला. मुलीचाच होता. बोलता बोलता मी खिडकीशी गेले. आतून, हॉलमधून आवाज आला.

‘‘अगं, खोबरं करपतंय.’’

मी कढईकडे धावले. कडेचा कीस काळा झाला होता. गॅस बंद केला आणि मग माझ्या लक्षात आलं, की त्या हॉलमध्ये आहेत आणि कढई इथे आहे. मी बाहेर येऊन पाहिलं. त्या देवापुढच्या वाती वळत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘‘टाकून दे ते, कडू लागेल. डब्यात अजून एक वाटी आहे. आणि सुंठ जरा हात राखून घाल, प्रसाद आहे तो, काढा नव्हे.’’

मी दुसरी वाटी किसायला घेतली. त्या उठून आत आल्या आणि कढईपाशी उभ्या राहिल्या.